मालूबाईचा पक्का लाल

मालूबाई गप्प झालेली मी आजवर एकदाच पाहिली आहे. तीही आमच्या परसात, हातात ओली चिंधी धरून. ती हकिकत सांगायची तर आधी तिच्या तोंडाबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं रामायण त्या तोंडानंच घडवलं.

बऱ्हाणपुरात इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून गल्लीला मी मास्तरीणबाई. ती मालूबाई रंगारी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान, म्हणजे गॅसची शेगडी, दोन जर्मनची पातेली आणि भिंतीवर टांगलेल्या रंगाच्या पाकिटांच्या माळा. बायका साडी घेऊन येतात, ‘अशीच ओढणी करून दे’ म्हणतात. मालूबाई साडीकडे एकदा बघते, या पाकिटातली चिमूट, त्या पाकिटातली चिमूट, आणि थोड्या वेळात हुबेहूब तोच रंग दोरीवर वाळत असतो. हात चांगलाच आहे तिचा. पण हातापेक्षा तोंड मोठं. ‘रंगात माझा हात धरनारा अजून पैदा व्हायचा हाय,’ हे वाक्य मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आमच्या गल्लीची कानबाई बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीची स्थापना, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर विसर्जन. खानदेशातून आलेल्या घरांनी ही कानबाई बरोबर आणली आणि इथं ती आमचीच झाली. देवीला लाल फडकी, म्हणजे ओढणी, पांघरवायचा मान रंगाऱ्यांच्या घराकडे, म्हणजे मालूबाईकडे. विसर्जनाच्या वेळी गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई ती फडकी तापीच्या पाण्यात बुडवून पिळते. पूर्वी मग तिथंच घाटावर त्या फडकीचे तुकडे करून पोटुशी बायकांना वाटत. येणाऱ्या बाळाच्या पहिल्या टोपऱ्याला तो तुकडा शिवायचा. पण त्याला एक अट. फडकीचा रंग उतरता कामा नये. उतरणारा रंग तान्ह्याच्या डोक्यावर कोण घालणार?

मालूबाई सून म्हणून आली तेव्हापासून फडकी पाकिटातल्या रंगाची. दर साली ती तापीत बुडे, दर साली पाणी गुलाबी होई, आणि आमची भागाबाई, जी गल्लीतली सगळ्यात म्हातारी, ‘औंदाबी उतरला’ म्हणून फडकी नदीत सोडून देई. तुकडे वाटायची रीत असल्याची आठवणही तरुण सुनांना राहिली नाही. भागाबाई मालूबाईला नावानं हाक मारत नसे. ‘ए पाकीटवाली’ म्हणायची. मालूबाई हसायची, पण ते हसू ओठांच्या पुढं जात नसे, हे मला शेजारीण म्हणून माहीत होतं.

मागच्या साली भर पडली ती शालिग्रामशेठच्या सदऱ्याची. शेठचं बाजारात तयार कपड्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःच्या सदऱ्याच्या पांढरेपणावर त्याचं फार प्रेम. भागाबाईनं फडकी पिळून झटकली आणि लाल शिंतोडे थेट शेठच्या पोटावर. सगळा घाट हसला. शेठनं ते मनात ठेवलं.

यंदा आषाढात कानबाईची बैठक भागाबाईच्या ओट्यावर बसली. शेठ गोड आवाजात म्हणाले, “मालूबाई, तुम्ही तरी किती दिवस करनार? औंदा मी सुरतेहून मखमलीची फडकी मागवतो. जरीकाठी. कानबाईले शोभून दिसंल. मान काय, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे.”

माणसं माना डोलवायला लागली. मी मालूबाईचा पदर ओढला. तिचा चेहरा मला दिसत होता आणि पुढं काय होणार तेही.

“मखमल?” ती उभीच राहिली. “मखमल सोफ्याले लावा शेठ! औंदा मी बाईले आलीची फडकी घालनार. आमच्या आजेसासऱ्याच्या हातची होती तशी, पक्की लाल. रंग उतरला तर मान तुमचा. मी पुन्हा तोंड वर करून मांगनार नही.”

भागाबाईनं चष्मा पुसला. “आल पाह्यली का गं कधी, पाकीटवाले?”

“पाहीन नं!” मालूबाई म्हणाली.

घरी येताना मी विचारलं, “मालू, आल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?”

“मुळी असते.”

“कशाची?”

“आलीची,” ती म्हणाली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

पण एक सांगते, मालूबाई बोलते तशी करतेही. दुसऱ्याच आठवड्यात ती मुलीला, हिमानीला, घेऊन बसनं देडतलाईकडे गेली. तिथं सुपडू म्हणून एक शेतकरी आहे, कापूस आणि केळी लावणारा. त्याच्या बांधावर आलीची झाडं असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. पुस्तकात या झाडाला बारतोंडी म्हणतात. सुपडूनं झाड दाखवलं आणि कुदळ मात्र स्वतःच्याच हातात ठेवली. “झाड मारायचं नही. एका अंगानं मुळी देतो, बाकीवर माती लोटून देतो. पुढच्या साली दुसऱ्या अंगानं.” मिळाली ती अशी बेताची, एका पिशवीत मावेल इतकी.

हिमानीनं मुळीची साल खरवडली तर बोटं हळदीसारखी पिवळी झाली. “मम्मी, ये तो यलो है! लाल कुठून काढशील?”

“निघंल,” मालूबाई म्हणाली. पण घरी आल्यावर मुळीची पिशवी घेऊन ती आधी माझ्याकडे आली. “बाई, हे खरंच लाल होते का वो?” मला काय ठाऊक? मी तिला भागाबाईकडे धाडलं.

भागाबाईनं लहानपणी मालूबाईच्या आजेसासऱ्याच्या अंगणात खेळता खेळता सगळं पाहिलेलं. तिनं डोळे मिटून सांगितलं. सुती कापड आधी एरंडेलात, शेळीच्या लेंड्यांत आणि केळीच्या खोडाच्या राखेच्या पाण्यात मुरवायचं, तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा मुरवायचं. मग हिरडा. मग तुरटी. मग तांब्याच्या हंड्यात आलीबरोबर मंद आचेवर शिजवायचं, उकळू द्यायचं नाही. केळीच्या खोडांना आमच्याकडे तोटा नाही, लेंड्यांनाही नाही. मालूबाईनं एक मोठी फडकी आणि नमुन्यासाठी काही चिंध्या एकदमच मुरवायला घातल्या.

त्या दिवसांत आमच्या गल्लीला जो वास सुटला त्याबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही. एरंडेल आणि लेंड्या उन्हात! मी भिंतीकडची खिडकी लावून घेतली आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच खिडकी ठोठावून म्हणाली, “बाई, वासाचं सोडा, कापड पाहा कसं लोण्यावानी झालं!” मी हात लावून पाहिला. झालं होतं खरं.

घोडं अडलं ते पुढं. पहिली चिंधी हंड्यातून निघाली ती जुन्या विटेच्या रंगाची. दुसरी चहा सांडल्यासारखी. मालूबाईनं आच कमी केली, तुरटी वाढवली, हिरडा कमी केला. तिसरी पुन्हा वीट. दर वेळी थोडी मुळी संपत होती.

“मम्मी, ब्राऊन है यार,” हिमानी म्हणाली. “कानबाईले ब्राऊन नेसवशील काय?”

मालूबाईनं ठरवलं की नळाच्या पाण्यातच काही मळ असावा. देवीचं कापड, पाणी शुद्धच हवं. म्हणून तिनं फिल्टरच्या पाण्याचे कॅन मागवले, जे आपण लग्नात प्यायला आणतो ते. त्या पाण्यात तर रंग आणखीच मरगळला.

आता इथं आमच्या कुंडीबद्दल सांगायला हवं. माझ्या परसात एक जुनी दगडी कुंडी आहे, खालच्या तोंडातून तिची धार पडते. बादशाही काळात सातपुड्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरात आणत, त्याला कुंडी भंडारा म्हणतात. त्याचीच एक वाट आमच्या परसात उघडते असं माझे सासरे सांगत. खरंखोटं देव जाणे, पण पाणी बारमाही आहे. आणि असलं हट्टी पाणी मी दुसरं पाहिलं नाही. त्यात साबणाला फेस येत नाही. तूरडाळ शिजत नाही, कुकर शिट्ट्या मारून दमतो. तपेल्याला आतून पांढरा थर बसतो तो चाकूनं खरवडावा लागतो. या पाण्याला शिव्या देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मालूबाई तर त्याला शिवतच नसे. पाकिटाचा रंग त्या पाण्यात फाटतो, कापडावर चट्टे पडतात. ती नवी सून असताना तिनं रंगवलेली एका नवरीची ओढणी त्या पाण्यानं बिघडली होती. तेव्हापासून ‘तुमच्या कुंडीचं पानी म्हंजे रंगाचा दुश्मन’ हे तिचं पक्कं मत होतं.

स्थापना जवळ आली तेव्हा मुळी उरली ती फक्त फडकीपुरती. त्या संध्याकाळी मालूबाई सगळ्या विटकरी चिंध्या मुठीत धरून माझ्या परसात आली, कारण स्वतःच्या घरात तिला मुलीपुढं रडायचं नव्हतं. कुंडीच्या कडेवर बसली.

“मान जाऊ द्या,” ती म्हणाली. “शेठची मखमल घाला नाहीतर पोतं घाला. पन बाई, मी रंगारी नाव लावते वो. दुकानावर पाटी हाय तशी. पाकीट फोडायले काय रंगारी लागते? ते तर कोनीबी फोडते. भागामाय खरंच बोलते, मी पाकीटवालीच हाय.”

तिचं रडणं मला सहन होत नाही. बडबड सहन होते, रडणं नाही. मी चहा ठेवते म्हणाले, पण ती उठली, चिंध्या रागारागानं कुंडीत फेकल्या आणि निघून गेली.

सकाळी पाणी घ्यायला गेले तर चिंध्या फुगून कुंडीचं तोंड अडवून बसलेल्या. माझं डोकं फिरलं. मी भिंतीवरून ओरडले, “मालू! ये आणि तुझा हा संसार उचल माझ्या कुंडीतून! लाज वाटते का?”

ती आली. भांडायच्याच तयारीनं आली होती, कंबरेला पदर खोचलेला. वाकून एक चिंधी उचलली, तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

मी आणखी दोन वाक्यं ओरडले. उत्तर नाही. मग मी जवळ जाऊन पाहिलं. चिंधीचं एक टोक कडेवर अडकून पाण्याबाहेर राहिलं होतं, ते काल होतं तसंच विटकरी. रात्रभर पाण्यात बुडालेला भाग मात्र लाल झाला होता. सुकत घातलेल्या मिरचीसारखा नाही, झाडावरच्या ओल्या पिकल्या मिरचीसारखा लाल. मालूबाई बघत होती, चिंधी उलटी करत होती, पुन्हा बघत होती. इतका वेळ ती गप्प राहिली की मला भीती वाटायला लागली.

मग हळूच म्हणाली, “बाई, भागामाय लहान होती तव्हा गल्लीत पानी कोनतं होतं?”

आम्ही दोघी तशाच भागाबाईकडे गेलो. भागाबाई ओट्यावर दात घासत होती. तिनं चूळ भरली. “दुसरं कोनतं असंल? हेच. नळ तर मागून आले.”

“मंग सांगितलं का नही?” मालूबाई ओरडली.

“तू विचारलं का नही? पानी का सांगायची गोष्ट हाय? चूल पेटवायची म्हनून सांगितलं होतं का मी तुले?”

ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याच पाण्यात आलीचा लाल खुलतो, हे भागाबाईलाही ठाऊक नव्हतं. तिच्या लहानपणी गल्लीत दुसरं पाणीच नव्हतं, मग फरक कळणार कसा?

परत येताना मी म्हटलं, “आधी एक चिंधी करून बघ.” मला धीर धरवत नव्हता, तरी सांगायचं म्हणून सांगितलं.

“चिंधीत मुळी घातली तर फडकीले काय घालू, माझं डोकं?” मालूबाई म्हणाली. तिचं तोंड परत आलं होतं, मला हायसं वाटलं. पण कुंडीच्या धारेखाली धरलेला हंडा तिनं दोनदा मागं घेतला. सगळ्या आयुष्याचा अनुभव सांगत होता की हे पाणी रंगाचं वाटोळं करतं. एका चिंधीच्या भरवशावर ती उरलेली सगळी मुळी, मुरवलेली फडकी आणि घराण्याचा मान त्याच पाण्यात घालत होती. मी तिच्या जागी असते तर शेठच्या पाया पडून मोकळी झाले असते.

हंडा माझ्याच परसात चुलीवर चढला. मालूबाई काठीनं फडकी खालीवर करत राहिली, बोट बुडवून पाणी किती तापलं ते बघत राहिली. पाणी आधी पिवळं, मग तांबूस. दुपार कलायला लागली तशी फडकी काठीवर उचलली की काहीतरी वेगळं दिसायला लागलं. शेवटी तिनं ती बाहेर काढून कुंडीच्या धारेखाली धरली. पहिलं पाणी लाल गेलं, मग फिकं, मग नुसतं पाणी. फडकी मात्र होती तशीच लाल राहिली. मी आणि हिमानी एकदमच ओरडलो. हिमानीनं आईला मिठी मारली आणि दोघी ओल्या फडकीवर पडता पडता वाचल्या.

रविवारी देवी बसली. फडकी पांघरलेली कानबाई बघायला शेजारच्या गल्ल्यांतल्या बाया आल्या. असा लाल पाकिटात येत नाही, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. तो भडक नव्हता. खोल होता. भागाबाई फडकीकडे बघत देवीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मालूबाईचा जीव मात्र टांगणीला. कुंडीच्या पाण्यात उतरला नाही, पण तापीच्या? तापीचं पाणी वेगळं, आणि विसर्जनाआधी ते फडकीला लावायचं नाही अशी रीत.

सोमवारी सकाळी सगळी गल्ली नाचत राजघाटावर आली. शालिग्रामशेठ नवाकोरा पांढरा सदरा घालून पुढंच उभे. बरोबर त्यांची सून गायत्री, दिवस भरत आलेले, एका हातानं कंबर धरून. वर सातपुड्यात पाऊस झालेला, म्हणून यंदा तापी नेहमीपेक्षा गढूळ, चहाच्या रंगाची. भागाबाईनं पायरीवर बसून फडकी पाण्यात बुडवली, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि पिळली. नदीचं पाणी गढूळ, फडकीतून पडलं तेही गढूळच.

“उतरला नही!” हिमानी ओरडली.

शेठ हसले. “अहो, गाळाच्या पान्यात लाल उतरला काय अन् निळा उतरला काय, दिसंल कोनाले?”

खरं होतं. बायकांत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे घरी जाऊन स्वच्छ पाण्यात बघू, कुणी म्हणे रीत घाटाची आहे. मालूबाईनं भागाबाईच्या हातातून ओली फडकी घेतली. शेठजवळ गेली.

“शेठ, सदरा नवा हाय?”

“आजच घडी मोडली.”

“चांगलं झालं,” ती म्हणाली, आणि लेकराच्या छातीला पोटीस बांधावं तशी ती ओली फडकी शेठच्या खांद्यावर बसवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली.

घाटावरचा डफसुद्धा थांबला. शेठ जागचे हलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मालूबाईचे ओठ हलत होते, देवीचं नाव घेत असेल. मग तिनं फडकी उचलली.

पांढऱ्या सदऱ्यावर तापीच्या गाळाचा मोठा मातकट डाग होता. लालाचा ठिपकासुद्धा नव्हता.

शेठनं मान वाकडी करून खांदा पाहिला, पलीकडून पाहिला, सदरा ओढून उन्हात धरून पाहिला. मग म्हणाले, “हा डाग तर तापीमायचा हाय. आता हिच्याशी भांडू का मी?” आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मग काय, घाट फुटला. डफ सुरू झाला, बाया फुगड्या घालायला लागल्या. मी नाचत नाही, शिक्षिकेला शोभत नाही. त्या दिवशी नाचले.

भागाबाई पायरीवरच बसून होती. तिनं फडकी मागून घेतली, मांडीवर पसरली, सुरकुतलेल्या बोटांनी काठापासून काठापर्यंत चाचपली. आम्ही सगळ्या ती नदीत सोडायची वाट बघत होतो, कारण आजवर तेच पाहिलं होतं. तिनं ती सोडली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसतही नव्हती.

“पहिला तुकडा आमच्या गायत्रीले भेटंल का?” शेठनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

मालूबाईला राहवलं नाही. “मखमल नही बरं शेठ, सुती हाय.”

“सुतीच दे वो बाई.”

गायत्रीनं पदर पसरला. मालूबाई भागाबाईकडे बघत उभी राहिली, कारण तिच्या शब्दाशिवाय फडकीला कोण हात लावणार? भागाबाईनं फडकी उचलून तिच्या हातात दिली.

“फाड,” ती म्हणाली. “फाड, रंगारीणबाई.”

मालूबाईनं काठ दातात धरला आणि फाडला.